परतीची वाट न सांगणारा कायदा : इंगुश, ओसेशियन आणि प्रिगोरोदनी जिल्हा

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तर ओसेशिया या रशियन प्रजासत्ताकातून किती इंगुश हाकलले गेले, याची आजही दोन उत्तरं मिळतात. उत्तर ओसेशियाच्या दप्तरातला आकडा तीस हजारांच्या आसपास आहे, शेजारच्या इंगुशेतियाच्या, म्हणजे इंगुशांच्या प्रजासत्ताकाच्या दप्तरातला साठ हजारांच्या वर. रशियाच्या दक्षिण टोकाला, कॉकेशसच्या पायथ्याशी असलेल्या प्रिगोरोदनी नावाच्या एका लहानशा जिल्ह्यात जवळपास निम्मी माणसं मोजणीतून निसटली कशी?

याचं मोठं कारण आहे प्रोपिस्का, म्हणजे राहत्या पत्त्याची पोलिसांकडची नोंद. सोव्हिएत राज्यात ती नसेल तर रीतसर नोकरी मिळत नसे आणि घर नावावर होत नसे. १९८२ मध्ये सोव्हिएत मंत्रिमंडळाने ठराव करून प्रिगोरोदनी जिल्ह्यातल्या नव्या नोंदींवर निर्बंध घातले. इंगुश कुटुंबं तरीही तिथे घरं घेत राहिली, लेकरं वाढवत राहिली, पण कागदावर ती दुसरीकडेच कुठेतरी राहत होती. दहा वर्षांनी घरं जळाली आणि परतीचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा पहिला दाखला मागितला गेला तो याच नोंदीचा.

इंगुश-ओसेशियन संघर्षाकडे बहुतेक वेळा डोंगरी जमातींचं जुनं वैर म्हणून पाहिलं जातं. आमच्या मते या प्रकरणाचा कणा वैरात नाही, दप्तरात आहे. वेगवेगळ्या सत्तांनी एकाच जमिनीवर वेगवेगळ्या लोकांना हुकमाने वसवलं. पुढे एका कायद्याने ती जमीन परत देण्याचं वचन दिलं, पण ती कधी, कशी आणि तिथे राहणाऱ्यांचं काय करून द्यायची, हे त्यात लिहिलंच नाही. मूळ कोणाचं हा वाद त्या पोकळीत शिरला आणि फोफावला.

जागा

प्रिगोरोदनी जिल्हा व्लादिकाव्काझ शहराला वेढून आहे. तेरेक नदी शहरातून वाहते. वाद आहे तो मुख्यतः नदीच्या उजव्या, म्हणजे पूर्वेकडच्या तीराचा. इंगुशेतियातलं नाझरान तिथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि मधल्या रस्त्यावर चेरमेन हे मोठं गाव लागतं. १९४४ पूर्वी त्याचं नाव बाझोर्किनो होतं. इंगुशेतिया सगळी मिळून सुमारे ३,६०० चौरस किलोमीटरची. रशियातलं हे सर्वांत लहान प्रजासत्ताक, आणि त्याचा दक्षिणेकडचा बराच भाग उभ्या डोंगरांचा. त्यामुळे मक्याची सपाट शेतं आणि शेजारी बाजारपेठेचं शहर असलेल्या या पट्ट्याचं मोल नकाशावरच्या आकारापेक्षा खूप जास्त आहे.

व्लादिकाव्काझही कधीकाळी दोघांचं होतं. १९२४ ते १९३३ या काळात ते स्वतंत्र दर्जाचं शहर होतं आणि इंगुश व उत्तर ओसेशिया या दोन्ही स्वायत्त प्रदेशांचा कारभार तिथूनच चाले. १९२३ मध्ये सुरू झालेलं ‘सेर्दालो’ हे इंगुश वर्तमानपत्र तिथूनच निघे. जुलै १९३३ मध्ये शहर उत्तर ओसेशियाला दिलं गेलं, आणि १९३४ च्या जानेवारीत राजधानी नसलेला इंगुश प्रदेश चेचेन प्रदेशाशी जोडून टाकण्यात आला. इंगुशांच्या तक्रारीत हद्दपारीच्या आधी हे पान येतं आणि बाहेरचे लोक ते हमखास विसरतात.

एका गावाचे मालक

व्लादिकाव्काझच्या पूर्वेला डोंगरांच्या कुशीत तार्स्कोये नावाचं गाव आहे. हेच जुनं अंगुश्त. इंगुश स्वतःला ‘गलगाय’ म्हणतात. रशियनांनी त्यांना दिलेलं नाव या गावावरून पडलं, म्हणजे ज्या गावाचं नाव सगळ्या समाजाला चिकटलं ते गावच वादग्रस्त जिल्ह्यात आहे.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस झारच्या सैन्याने अंगुश्तच्या लोकांना उठवलं आणि तिथे कोसॅकांची, म्हणजे झारच्या सीमेवरच्या सैनिक-शेतकऱ्यांची, तार्स्काया ही लष्करी वसाहत बसवली. सपाटीवरच्या इतर इंगुश गावांचंही तेच झालं. डोंगर आणि शहर यांच्यामध्ये कोसॅक वसाहतींची रांग उभी करायची, म्हणजे डोंगरी लोकांची सपाटीशी असलेली नाळ तुटेल, असा तो हिशेब होता. क्रांतीनंतरच्या यादवीत इंगुश बोल्शेविकांच्या बाजूने लढले. बक्षीस म्हणून तार्स्काया आणि आजूबाजूच्या वसाहतींतल्या कोसॅकांना उठवून जमीन इंगुशांना देण्यात आली. ज्या राज्यकर्त्यांनी ही जमीन इंगुशांना मिळवून दिली, त्यांनीच सव्वीस वर्षांनी ती काढून घेतली.

२३ फेब्रुवारी १९४४ च्या पहाटे चेचेन आणि इंगुशांना हद्दपार करणारी ‘चेचेवित्सा’ मोहीम सुरू झाली. गावकऱ्यांना लाल सैन्याच्या वर्धापनदिनाच्या सभेसाठी चौकात बोलावलं गेलं, आणि तिथे हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवला गेला. कागदोपत्री प्रत्येक कुटुंबाला ५०० किलोपर्यंत सामान नेण्याची मुभा होती. तास-दोन तासांत जे हाती लागलं तेच प्रत्यक्षात बरोबर गेलं. मालगाडीच्या डब्यांतून कझाकस्तान आणि किर्गिझस्तानला पाठवलेल्यांची संख्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरियाने स्टालिनला कळवली ती ४,७८,४७९ अशी, आणि त्यांत ९१,२५० इंगुश होते. ७ मार्चला चेचेन-इंगुश प्रजासत्ताक मोडीत निघालं. प्रिगोरोदनी उत्तर ओसेशियात गेला. नाझरानही गेलं आणि त्याचं नाव कोस्ता-खेतागुरोवो झालं.

रिकाम्या घरांत ओसेशियन कुटुंबं आणली गेली. त्यांतली बरीच जॉर्जियाच्या बाजूच्या डोंगरांतून आलेली होती, आणि सगळी काही आपखुशीने आली नव्हती. डोंगरातली शेती-गुरं सोडून परक्या माणसाच्या चुलीपुढे बसायचा हुकूम त्यांनाही वरूनच आला होता. हे ध्यानात घेतलं नाही तर ओसेशियन बाजूचा आवाज निव्वळ बळकावणाऱ्याचा वाटतो, आणि तसा तो नाही. या घरांत तेव्हा जन्मलेल्या माणसाने १९९२ पर्यंत चाळिशी पार केली होती.

मूळ कोणाचं

आता उत्पत्तीच्या वादाकडे. इथे निदान काही गोष्टी पक्क्या आहेत.

इंगुश भाषा ईशान्य कॉकेशियन कुळातल्या नाख शाखेची. चेचेन तिची सख्खी बहीण, आणि जॉर्जियातल्या मूठभर लोकांची बाट्स्बी ही तिसरी. ओसेशियन भाषा मात्र इराणी शाखेची आहे, म्हणजे कुळाने ती मराठीच्या जवळची, शेजारच्या इंगुशच्या नव्हे. मध्ययुगीन जॉर्जियन बखरींत येणारे दुर्दझुक आणि पुढच्या लिखाणातले घ्लिघ्वी हे नाख भाषिक लोकच, यावर फारसं दुमत नाही. वोवनुश्की, एर्झी, एगिकाल इथले दगडी मनोरे, आणि आधी ख्रिस्ती देवळं, मग गावदेव, मग इस्लाम असा श्रद्धांचा प्रवास यांवरून त्यांचा डोंगरांतला मुक्काम शतकानुशतकांचा असल्याचं दिसतं.

वाद सुरू होतो त्याच्या मागे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली कोबान संस्कृती ज्या गावावरून ओळखली जाते ते कोबान उत्तर ओसेशियात आहे, पण तिची स्थळं पूर्वेला चेचन्यापर्यंत पसरलेली आहेत, आणि दोन्ही समाज तिला आपलं आजोळ मानतात. दियाकोनोव आणि स्तारोस्तिन या अभ्यासकांनी १९८६ मध्ये प्राचीन हुर्री व उरार्तू भाषांचा संबंध ईशान्य कॉकेशियन कुळाशी जोडला. इंगुश व चेचेन लेखकांनी त्यावर मोठे इमले रचले. भाषाशास्त्रज्ञांमध्ये मात्र हा संबंध सर्वमान्य झालेला नाही, आणि तो खरा ठरला तरी त्यातून मधल्या तीन हजार वर्षांचा कुठल्या शेताचा मालकी हक्क सिद्ध होत नाही.

सर्वांत कडवट भांडण अलानियाचं आहे. मंगोलांनी १२३९ च्या सुमारास मोडलेलं हे राज्य उत्तर कॉकेशसमधलं मध्ययुगातलं सर्वांत मोठं. झेलेंचुकचा ग्रीक लिपीतला शिलालेख आणि इतर त्रोटक अवशेष पाहता अलानांची भाषा जुन्या ओसेशियनसारखी होती, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. या जोरावर उत्तर ओसेशियाने १९९४ मध्ये आपल्या नावापुढे ‘अलानिया’ लावलं. त्याच सुमारास इंगुशेतियाने नवी राजधानी वसवायला घेतली आणि तिला अलानांच्या राजधानीचं नाव दिलं, मागास. १९९२ च्या युद्धाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, मृतांची मोजदाद सुरू होती, आणि दोन सरकारं तेराव्या शतकात मोडलेल्या एका राज्याच्या वारशासाठी झगडत होती. जुनं मागास नेमकं कुठे होतं याचा निकाल पुरातत्त्वज्ञांनी अजून लावलेला नाही. एक प्रबळ मत त्याला दूर पश्चिमेला, कराचाय-चेर्केसियात शोधतं.

खुद्द ओसेशियन भाषापंडित वासिली अबायेव यांनी ओसेशियन भाषेतला कॉकेशियन थर दाखवून दिला होता: स्थानिक डोंगरी लोकांनी इराणी भाषा उचलली, आणि ती उचलताना तिच्यावर आपला ठसा उमटवला. अलीकडचे पितृवंशाचे जनुकीय अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. इंगुश आणि ओसेशियन पुरुषांतले प्रमुख गट वेगवेगळे आहेत, पण दोन्ही गट कॉकेशसमध्ये जुनेच आहेत. थोडक्यात, ‘ते उपरे, आम्ही मूळचे’ हे विधान कोणत्याही बाजूने केलं तरी टिकत नाही.

जमिनीच्या दाव्यात खरं वापरलं जातं ते याहून अलीकडचं शतक. इंगुश डोंगरातून सपाटीवर उतरले ते सोळाव्या ते अठराव्या शतकात, असं ओसेशियन बाजू म्हणते. तिथे आमचे पूर्वज आधीपासून होते, आम्ही फक्त परतलो, असं इंगुश म्हणतात. ओसेशियन कुटुंबांनी सपाटीवर मोठ्या संख्येने गावं वसवली तीही रशियन किल्ले आल्यानंतर, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. त्याआधी या मैदानावर काबार्डियन सरदारांचा वचक होता. १७८४ मध्ये व्लादिकाव्काझचा किल्ला उभा राहिला तो एका वस्तीजवळ. ती वस्ती इंगुश होती की ओसेशियन, यावर आजही लेख लिहिले जातात.

कागदांची कोंडी

जुलै १९५६ च्या फर्मानाने इंगुशांवरची ‘विशेष वसाहती’ची, म्हणजे हद्दपारीच्या जागी नजरेखाली राहण्याची बंधनं उठली, पण जप्त मालमत्ता मागण्याचा आणि मूळ गावी परतण्याचा हक्क त्यात नाकारलेला होता. हजारो कुटुंबं तरीही निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर ओसेशियात परतणाऱ्या इंगुशांना घर विकू वा भाड्याने देऊ नये अशा सूचना निघाल्या. ९ जानेवारी १९५७ ला चेचेन-इंगुश प्रजासत्ताक पुन्हा स्थापन झालं, नाझरान परत मिळालं, प्रिगोरोदनी नाही. भरपाई म्हणून उत्तरेचे नौर्स्काया आणि शेल्कोव्स्काया हे भाग प्रजासत्ताकाला जोडले गेले. ते चेचन्याच्या पलीकडच्या टोकाला आहेत, इंगुश शेतकऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक दुभंगल्यावर ते चेचन्याकडेच राहिले.

अनेकांनी आपल्याच बापाचं घर त्यात राहणाऱ्या ओसेशियन कुटुंबाकडून पैसे मोजून विकत घेतलं. दोघं राजी असत, पैसे हातोहात दिले जात, पण व्यवहार नोंदवला जात नसे, कारण खरेदीदाराची पत्त्याची नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून खरेदी नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असताना वर्षानुवर्षं जमीन कसणाऱ्याची जी अवस्था होते, तीच ही. जानेवारी १९७३ मध्ये प्रजासत्ताकाची राजधानी ग्रोझनीच्या चौकात इंगुशांनी कडाक्याच्या थंडीत तीन दिवस सभा धरली आणि प्रिगोरोदनीची मागणी उघडपणे मांडली. पुढाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पक्षातून हकालपट्ट्या झाल्या. ऑक्टोबर १९८१ मध्ये एका ओसेशियन टॅक्सीचालकाच्या खुनानंतर व्लादिकाव्काझमध्ये मोठी दंगल उसळली. १९८२ चा नोंदणीवरचा निर्बंध आला तो तिच्या पाठोपाठ.

कायदा आणि सहा दिवस

२६ एप्रिल १९९१ रोजी रशियन संसदेने ‘दडपशाहीग्रस्त लोकांच्या पुनर्वसनाचा’ कायदा केला. त्याच्या तिसऱ्या आणि सहाव्या कलमांत ‘प्रादेशिक पुनर्वसन’ होतं, म्हणजे बेकायदा बदललेल्या सीमा पूर्ववत करण्याचं वचन. कोणत्या नकाशावरून, किती टप्प्यांत, सीमा बदलल्यावर तिथल्या रहिवाशांचं नागरिकत्व, घर आणि नोकरी यांचं काय, वाद झाल्यास निवाडा कोण करणार, पैसा कुठून येणार, यांपैकी एकाही प्रश्नाचं चालेल असं उत्तर कायद्यात नव्हतं. इंगुशांनी तो निकाल म्हणून वाचला. ओसेशियनांनी तो बेदखलीची नोटीस म्हणून वाचला. दोघांचंही वाचन मजकुराला धरून होतं, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक इथेच झाली.

चेचन्याने १९९१ च्या शरदात स्वातंत्र्य पुकारलं. इंगुशांनी त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वमत घेऊन रशियातच राहण्याचा कौल दिला, प्रिगोरोदनी परत मिळेल या आशेने. ४ जून १९९२ ला इंगुश प्रजासत्ताक स्थापन करणारा कायदा आला, त्यातही सीमा ठरवलेल्या नव्हत्या. महिनाभरातच सीमानिश्चितीला जुलै १९९५ पर्यंत स्थगिती देणारा दुसरा कायदा झाला. दरम्यान जॉर्जियाशी झालेल्या दक्षिण ओसेशियातल्या युद्धातून हजारो निर्वासित उत्तर ओसेशियात येऊन पडले होते. त्यांच्या मागोमाग शस्त्रंही आली होती. उत्तर ओसेशियाचं सरकार गार्ड आणि मिलिशिया उभारत होतं, इंगुशही हत्यारं जमवत होते.

२० ऑक्टोबर १९९२ रोजी एक इंगुश मुलगी ओसेशियन चिलखती गाडीखाली सापडून मेली. दोन दिवसांनी युझ्नी वस्तीत दोन इंगुश मारले गेले. २४ तारखेला इंगुश लोकप्रतिनिधींनी गावांत स्वसंरक्षण पथकं नेमायचा आणि रस्ते अडवायचा निर्णय घेतला. ३१ च्या पहाटे सशस्त्र इंगुशांनी चेरमेनचं ठाणं घेतलं. त्यानंतर ओसेशियन गार्ड, दक्षिणेतून आलेले लढवय्ये आणि मध्यवर्ती सरकारच्या फौजा एकत्र पुढे सरकल्या. २ नोव्हेंबरला रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी आणीबाणी पुकारली. सहाएक दिवसांत जिल्ह्यातली इंगुश वस्ती जवळपास संपली. दोन्हीकडून ओलीस धरले गेले. रशियन अभियोग कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे ५८३ मृत, त्यांत ३५० इंगुश आणि १९२ ओसेशियन. बेपत्ता २६१, त्यांतले बहुसंख्य इंगुश. सुमारे तीन हजार घरं उद्ध्वस्त झाली, आणि त्यांतली बरीच गोळीबार थांबल्यावर, रहिवासी निघून गेल्यावर जाळली किंवा सुरुंगाने उडवली गेली. परतायला जागाच उरू नये हा त्यामागचा हेतू लपण्यासारखा नव्हता.

परतीची पद्धत, आणि ती कुठे अडली

मार्च १९९३ मध्ये किस्लोवोद्स्कला दोन्ही बाजूंनी परतीचा करार केला. ऑगस्टमध्ये तात्पुरत्या प्रशासनाचे प्रमुख व्हिक्टर पोल्यानिच्को यांची जिल्ह्यातच दबा धरून हत्या झाली. डिसेंबरच्या फर्मानाने सुरुवातीला चार गावं उघडली: चेरमेन, दोंगारोन, दाच्नोये आणि कुर्तात.

कुटुंबाने करायचं ते असं. आधी अर्ज, मग ३१ ऑक्टोबर १९९२ ला तिथे राहत असल्याचा पुरावा. इथे पत्त्याची नोंद नसलेले बाहेर पडले. शेजारच्यांची साक्ष चालली असती, पण शेजारी विखुरले होते किंवा विरुद्ध बाजूचे होते. त्यानंतर गावाची तयारी पाहिली जाई. ‘नैतिक-मानसिक वातावरण अजून परिपक्व नाही’ हे वाक्य नकाराचं कारण म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलं. ते कोणी मोजायचं, कधी परिपक्व समजायचं, याला निकष नव्हता, त्यामुळे त्यावर अपीलही करता येत नव्हतं.

यातून पार पडलेल्यांना पोलीस बंदोबस्तात गावी नेलं जाई. घर पडलेलं असे. अंगणात चाकांवरची पत्र्याची खोली मिळे आणि तिच्यात राहून सरकारी पैशातून बांधकाम करायचं असे. पैसा हप्त्याने आणि उशिरा येई. काहींचे दोन-दोन हिवाळे त्या पत्र्यात गेले. घर उभं असेल तर त्यात बहुधा दक्षिण ओसेशियातलं निर्वासित कुटुंब असे. मूळ मालकाच्या बाजूने निकाल लागला तरी अंमलबजावणी करणाऱ्याला आधी त्या कुटुंबाला दुसरं घर द्यावं लागे, आणि तसं घर नसे. एका विस्थापिताची सोय दुसऱ्याच्या घरात केली की न्यायालयाचा हुकूम कपाटातच राहतो.

काही वस्त्या पूर्णच बंद राहिल्या. १९९६ मध्ये उत्तर ओसेशियाने व्लादिकाव्काझच्या पाणीपुरवठ्याचा संरक्षित पट्टा जाहीर केला. तेर्क, चेर्नोरेचेन्स्कोये, युझ्नी, बाल्टा यांसारख्या वस्त्या त्यात आल्या आणि तिथे परतणं आरोग्याच्या नियमाने बेकायदा ठरलं. शहराला स्वच्छ पाणी लागतं हे खरंच आहे. पण हा पट्टा युद्धानंतर चार वर्षांनी आठवला, हे इंगुशांनी विसरावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

१ सप्टेंबर २००४ ला उत्तर ओसेशियातल्या बेस्लानची शाळा ओलीस धरली गेली. ३३४ जण मारले गेले, त्यांत १८६ मुलं. हल्लेखोरांत इंगुश होते. त्यानंतर कित्येक ओसेशियन गावांत परतीचा विषयसुद्धा काढता येईना. आईबापांचा तो संताप समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत मोजली ती त्या हल्ल्याशी काही संबंध नसलेल्या कुटुंबांनी. सीमेवरच्या मायस्की इथे डब्यांत राहणाऱ्या विस्थापितांना पुढे जवळच वसवलेल्या नोवी नावाच्या वस्तीत हलवण्यात आलं. तिथे पत्ता मिळाला, पण तो त्यांच्या गावाचा नव्हता. चेरमेनसारख्या ज्या गावांत दोन्ही समाज पुन्हा राहू लागले, तिथेही मुलं अनेक वर्षं वेगवेगळ्या शाळांत जात राहिली.

दुसरी सीमा

चेचन्याच्या बाजूला हीच रचना सप्टेंबर २०१८ मध्ये नव्या रूपात दिसली. इंगुशेतियाचे तेव्हाचे प्रमुख युनुस-बेक येवकुरोव आणि चेचन्याचे प्रमुख रमझान कादिरोव यांनी जमिनीच्या अदलाबदलीचा करार केला आणि मागासमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. इथला उत्पत्तीचा वाद ओर्स्तखोय या गटावरून आहे. ते इंगुश की चेचेन, यावर सुंझा खोऱ्यातल्या गावांचा दावा ठरतो, आणि त्यांतले बरेच जण १८६५ मध्येच उस्मानी साम्राज्यात निघून गेले होते. सार्वमताशिवाय सीमा बदलता येत नाही, असा निकाल इंगुशेतियाच्या घटना न्यायालयाने ३० ऑक्टोबरला दिला. ६ डिसेंबरला रशियाच्या घटना न्यायालयाने करार वैध ठरवला. २०१९ च्या मार्चमध्ये निदर्शक आणि पोलीस यांच्यात झटापट झाली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आंदोलनाच्या सात नेत्यांना साडेसात ते नऊ वर्षांच्या शिक्षा झाल्या. ज्या समाजाची सगळी भीती न विचारता हललेल्या सीमेची आहे, त्याची सीमा पुन्हा न विचारता हलली.

इंगुशेतियाच्या १९९४ च्या घटनेतलं अकरावं कलम म्हणतं की बेकायदा तोडलेला प्रदेश राजकीय मार्गाने परत मिळवणं हे राज्याचं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. या कलमाला वेळापत्रक नाही, आणि प्रिगोरोदनीत आज राहणाऱ्या ओसेशियन कुटुंबाला ते काय देऊ करतं, याचा एक शब्दही त्यात नाही. उत्तर ओसेशियाच्या बाजूने पाहिलं तर इंगुशेतियात घर किंवा भरपाई घेतलेल्या कुटुंबाची फाइल ‘प्रश्न सुटला’ म्हणून बंद होते, मग ते कुटुंब तार्स्कोयेत परत जाऊ इच्छित असो वा नसो.